पाणी उपसणारा पंप आणि पाणी हलवणारा पंप



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, संतवाङ्मय, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या पंक्तीत ‘घरातील समुद्राच्या पेटीला पंप कोणता घ्यावा’ हा विषय बसवला म्हणजे थट्टा केल्यासारखे वाटेल. त्यातून हे गाव चंद्रपूर. आपल्याला जवळात जवळचा समुद्र काकिनाड्याच्या बाजूचा, तोही सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरांवर. इरईचे पाणी वर्धेत जाते, वर्धा चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याखाली गोदावरीत शिरते आणि गोदावरी समुद्राला मिळते. पाणी आपले तिकडे जाते. समुद्र काही इकडे येत नाही.

परंतु तो फार पूर्वी इकडे होता. आवारपूर, गडचांदूर, घुग्घूस येथील सिमेंटचे कारखाने ज्या चुनखडीवर चालतात, ती चुनखडी शंभर कोटी वर्षांहून जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. त्या काळी प्रवाळ नव्हते, मासे नव्हते. तरी समुद्र होता. आता मात्र तो पुड्यांतून येतो. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम या प्रमाणात ठरावीक क्षारांचे मीठ शुद्ध पाण्यात कालवले की समुद्राचे पाणी होते आणि हौशी माणसे ते दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत भरतात. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले, ते समुद्राच्या कडेला. आपल्याकडे प्रत्येक लिटर हाताने करावा लागतो आणि तो जिवंतही आपणच ठेवावा लागतो. पाण्याला जिवंत ठेवणारी वस्तू म्हणजे पंप. मीठ, दिवे, वाळू यांच्यात चूक झाली तर ती दुरुस्त करायला काही दिवस मिळतात. पंपातली चूक एका रात्रीत पेटी रिकामी करते.

पंपाकडे वळण्यापूर्वी पेटीत काय ठेवायचे याविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. परदेशी पुस्तकांत आणि चित्रांत दिसते ती प्रवाळांनी भरलेली पेटी. ती आपल्याकडे जशीच्या तशी करता येत नाही. भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; म्हणजे ताडोब्याचा वाघ जेथे आहे तेथेच. घोड्यासारख्या तोंडाचा समुद्रघोडाही तेथेच. वाघाचे कातडे भिंतीवर टांगणाऱ्याला हे गाव काय म्हणेल ते मी सांगायला नको. मग मालवणच्या किंवा अंदमानच्या समुद्रातून तोडलेले प्रवाळ पेटीत ठेवणाऱ्याला निराळे का म्हणावे? मऊ प्रवाळांबाबतही विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये. वनखात्याची कचेरी कोठे आहे हे चंद्रपुरात कोणाला दाखवावे लागत नाही, तेथे विचारावे. माणसाने घडवलेला सच्छिद्र दगड आणि पैदास-केंद्रात जन्मलेले मासे एवढ्यावरही सुरेख पेटी होते. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बंदिस्त टाक्यांत पैदा करून दाखवला आहे. तो मागून घ्यावा.

तरीही प्रवाळाची गोष्ट समजून घेतल्यावाचून पंप कळत नाही, कारण बाजारातील हे पंप प्रवाळाच्या गरजेतूनच घडले. प्रवाळ हा प्राणी आहे, पण जागेला खिळलेला. (अंगठीतले तांबडे पोवळे त्याचेच लांबचे नातलग, ते खोल, अंधाऱ्या पाण्यात वाढते, भित्ती बांधत नाही.) वाघ सांबराकडे जातो, प्रवाळाकडे अन्नाला यावे लागते. प्राणवायू यावा लागतो आणि अंगावरची घाण कोणीतरी धुऊन न्यावी लागते. हे सर्व पाणी करते. मात्र कोणत्याही वस्तूला अगदी चिकटून पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. प्राणवायूला या थरातून रांगत जावे लागते. बाहेरचे पाणी जितके खेळते, तितका हा थर पातळ. ओले धोतर बंद खोलीत दिवसभर ओलेच राहते आणि वाऱ्यावर घटकाभरात वाळते, त्याचे कारण हेच. पेटीतल्या दगडावर राहणारे सूक्ष्म जंतूही असेच खिळलेले असतात. माशांच्या मलमूत्रातील विषारी अमोनिया पचवण्याचे काम ते करतात. पाणी थांबले की त्यांचाही श्वास कोंडतो. म्हणून पेटीत प्रवाळ असो वा नसो, पाणी हलले पाहिजे.

साचलेल्या पाण्यात काय होते हे आपल्या भागात पुस्तकातून शिकावे लागत नाही. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडील मामा तलाव आणि बोड्या ज्या ढिवर बांधवांच्या हाती असतात, त्यांना विचारा. मे महिन्यात वारा पडलेल्या रात्रीनंतर पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडझाप करतात. रात्रभर शेवाळासकट सर्वांनी प्राणवायू खाल्लेला असतो, सूर्य उगवलेला नसतो आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरतो. गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना सातच्या आत. खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. काचेची पेटी ही अशी लहानशी बोडीच आहे. फरक इतकाच की तिच्यावर वारासुद्धा वाहत नाही.

आता दुकानात जाऊ. आपण ज्या पंपांशी परिचित आहोत ते विहिरीवरचे, बोअरवरचे आणि कुलरमधले. या सर्वांचे काम पाणी वर चढवण्याचे. बंद कवचात चक्र फिरते, पाणी कडेला फेकले जाते आणि अरुंद तोंडातून जोराने बाहेर पडते. त्यांची प्रतिष्ठा उंचीवर मोजतात. पेटीत पाणी चढवायचे नसते, जागच्या जागी फिरवायचे असते. त्याला जोर नको, पसारा हवा. त्यासाठी निराळा पंप असतो: उघड्या जाळीत पंख्याचे पाते, काचेला लोहचुंबकाने धरलेले, भोवतालचे पाणी ओढून रुंद झोताने पुढे ढकलणारे. एक पिचकारी, दुसरा छताचा पंखा. पिचकारीने खोली गार होत नाही हे आपण जाणतो; तरी पेटीसाठी लोक पिचकारीच विकत घेतात, कारण तिचा फवारा डोळ्यांना दिसतो.

पेटीखाली दुसरी टाकी ठेवून तेथून पाणी वर आणणार असाल, तर त्या कामाला उपसणारा पंप लागेलच. तो घेताना एवढे पाहावे: खोक्यावर छापलेला ताशी लिटरांचा आकडा शून्य उंचीचा असतो. दोन मीटर ही ज्याची कमाल उंची, तो पंप दोन मीटरांवर एक थेंबही देत नाही. आपल्या टाकीपासून पेटीच्या काठापर्यंतची उंची मोजून, त्या उंचीला किती पाणी मिळते हे कोष्टकात बघून मगच घ्यावा.

कुलरची मोटर पेटीत टाकण्याचा मोह अनेकांना होतो. घरात पडलेली असते, स्वस्तही असते. ती टाकू नये. खाऱ्या पाण्यात तिचा दांडा गंजतो, तांब्या-पितळेचा अंश पाण्यात उतरतो आणि तांबे हे शंख, झिंगे, प्रवाळ यांना विष आहे. शिवाय खाऱ्या पाण्यातून वीज फार सुखाने वाहते. गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच आणि वायरीला पेटीखाली दिलेला झोळ, या दोन गोष्टींखेरीज कोणताही पंप चालू करू नये.

किती मोठा पंप घ्यावा? चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पेटीत वाळू-दगड वजा जाता सुमारे २०० लिटर पाणी राहते. नुसते मासे असतील तर ताशी दहा ते वीस पट पाणी फिरावे, असा हौशी मंडळींचा अनुभवाचा ठोकताळा आहे; कठीण प्रवाळांना तो चाळीस पटींपर्यंत जातो. आपल्या पेटीला म्हणजे ताशी दोन ते चार हजार लिटर. हा ठोकताळा आहे, सिद्धान्त नव्हे. चार हजारांचा एकच पंप लावला तर त्याच्या तोंडासमोर वाळूत खड्डा पडतो आणि दगडामागे पाणी झोपलेलेच राहते. दोन-दोन हजारांचे दोन, समोरासमोरच्या काचांवर, आळीपाळीने चालणारे, हे माझ्या मते केव्हाही श्रेयस्कर. समुद्रात तरी दुसरे काय होते? विजयदुर्गापासून शंभरएक किलोमीटर आत अँग्रिया बँक नावाची बुडालेली प्रवाळभूमी आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव इंग्रजी नकाशात गेले ते असे. तेथे लाटांचे हेलकावे आणि भरती-ओहोटी पाण्याला एका दिशेने फार वेळ जाऊ देत नाहीत. नळाच्या धारेखाली आयुष्य काढण्याची सवय कोणत्याच सागरी जिवाला नाही. पंप लावल्यावर खाद्याचा कण सोडून पाहावा. तो कोठे अडकून बसतो तेथे पाणी मेलेले आहे असे समजावे. एका पंपाचे तोंड किंचित वर ठेवावे, म्हणजे पृष्ठभाग सतत थरथरता राहून हवेतील प्राणवायू आत येईल.

आणि आता तो मुद्दा, जो थंड देशांत लिहिलेल्या पुस्तकांत चार ओळींत संपतो आणि चंद्रपुरात पहिल्या क्रमांकाचा आहे. पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज खातो, तेवढी अखेरीस उष्णता होऊन त्याच पाण्यात उतरते. हिशेब साधा आहे. चाळीस वॅटचा पंप २०० लिटर पाण्याला तासाला सुमारे एक षष्ठांश अंश तापवतो. बाहेर काहीच न गेले तर दिवसात चार अंश. काही उष्णता काचेतून आणि पृष्ठभागावरून जाते हे खरे. पण बाहेर ४५ अंशांच्या वर पारा असताना ती जाणार कोठे? प्रवाळाला आणि पुष्कळशा भित्तीवासी माशांना तीस अंशांच्या पुढे त्रास सुरू होतो. तेच पाणी फिरवायला पंख्याच्या पात्याचा पंप पाच ते दहा वॅट घेतो. म्हणजे दिवसाला अर्धा ते एक अंश. तेव्हा खोक्यावरचा लिटरांचा आकडा वाचण्याआधी वॅटांचा आकडा वाचावा. विजेच्या बिलासाठी नव्हे, माशांसाठी.

विदर्भाच्या उन्हाळ्याने एक सोय मात्र करून ठेवली आहे. हवा कोरडी असते. वाळ्याची ताटी आणि मातीचा माठ ज्या न्यायाने गार होतात, त्याच न्यायाने पेटीच्या पृष्ठभागावर एक लहान पंखा सोडला की पाणी उतरते. एक लिटर पाणी वाफ होऊन गेले तर २०० लिटरांतून जवळजवळ तीन अंशांची उष्णता घेऊन जाते. हलता पृष्ठभाग ही वाफ लवकर होऊ देतो. येथेही पंपच मदतीला येतो. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे, शुद्ध पाणी घालावे, खारे नव्हे, कारण मीठ उडत नाही. पावसाळ्यात हा उपाय निष्प्रभ होतो. सुदैवाने तेव्हा उन्हाळाही संपलेला असतो.

राहिली वीज. इरई धरणाच्या पाण्यावर चालणारे आपले औष्णिक केंद्र २९२० मेगावॅट क्षमतेचे, महाराष्ट्राला उजेड देणारे. तरी वळवाच्या वादळात आपल्याच तारा तुटतात आणि रात्र अंधारात जाते, यातला विनोद आपण वर्षानुवर्षे सोसत आहोत. पंप थांबला की काही तासांत प्राणवायू घटतो, तोही नेमका रात्री. म्हणून निदान एक पंप बारा किंवा चोवीस व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर, थेट बॅटरीवर चालणारा घ्यावा. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांच्या छोट्या बॅटरीत कागदावर ८४ वॅट-तास असतात. पाच वॅटचा पंप त्यावर हातचे राखूनही दहा-बारा तास चालेल. चाळीस वॅटचा दीड-दोन तासांत बंद पडेल. कमी वॅटांचा गुण येथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतो. दिवे, पंखा, उपसणारा पंप बंद राहिले तरी चालतील. उपसणारा पंप थांबताच पेटीतले पाणी त्याच नळीने उलटे खालच्या टाकीत उतरते, म्हणून नळीला पाण्याच्या पातळीखाली लगतच एक बारीक छिद्र ठेवावे. नाहीतर सकाळी दिवाणखान्यात समुद्र भेटतो.

गडचिरोलीच्या दक्षिणेकडील मंडळींना मी निराळे सांगेन. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क अनेक पावसाळ्यांत तुटत आला आहे आणि अशा वेळी वीज दोन-तीन दिवसही गेलेली आहे. तेथे दहा तासांच्या बॅटरीने भागत नाही. सौर तावदान आणि मोठी बॅटरी नसेल तर समुद्राच्या नादी लागू नये. आपल्या ओढ्यांतील दगडाला चिकटून राहणारे लहान मासे गोड्या पाण्याच्या पेटीत ठेवावेत. त्यांनाही वाहते पाणी प्रिय असते आणि आतापर्यंत सांगितलेला पंपाचा सारा विचार त्यांनाही लागू पडतो. ओढ्यातून काय आणि कोठून घेता येते हे मात्र तेथेही विचारूनच.

शेवटी निगा. खाऱ्या पाण्यातला चुना पंपाच्या चक्रावर पांढरा थर धरतो, कुलरच्या जाळीवर धरतो तसाच. पंप घरघरू लागला की तो थर आला असे समजावे. दोन-तीन महिन्यांनी पंप काढून पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवावा, जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने घासावा, स्वच्छ धुऊन परत लावावा. दोन्ही पंप एकाच दिवशी काढू नयेत. आणि पंप घेताना त्याच नमुन्याचे एक जादा चक्र त्याच वेळी मागून घ्यावे, कारण ते मोडते तेव्हा बहुधा रविवार असतो आणि नागपूर दीडशे किलोमीटर लांब.