शिखरजीची वाट : तेव्हाचा संघ आणि आजची आगगाडी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



मार्गशीर्ष-पौषात श्री सम्मेदशिखरजीच्या यात्रेला निघालेला महाराष्ट्रातील श्रावक मुंबईहून हावडा मेलमध्ये बसतो. जबलपूर, प्रयागराज, गया ही जुनी नगरे मागे टाकीत गाडी पारसनाथ स्थानकाला लागते. त्यातील प्रयागराजनंतरचा टप्पा एका रात्रीचा. याच दिशेने 1604 साली एक संघ निघाला होता. त्याचा वृत्तांत कविवर बनारसीदासांच्या ‘अर्धकथानक’ या 1641 च्या आत्मचरित्रात आहे.

जोहरी हीरानंद मुकीम यांनी प्रयागहून हा संघ काढला. कवीचे वडील खरगसेन त्यात सामील झाले. यात्रा घडली, पण परतताना संघात आजार पसरला आणि अनेक यात्रेकरू वाटेतच निवर्तले. खरगसेनही आजारी होऊन घरी आले. इकडे जौनपुरात अठरा वर्षांच्या बनारसीने, काशीस पार्श्वप्रभूंची यात्रा घडेपर्यंत दूध, दही, तूप वर्ज्य केले होते. चैत्रातला तो नियम कार्तिकी पौर्णिमेस फळाला आला. जौनपूर ते काशी अंतर किती? साठेक किलोमीटर!

1870 साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला आणि 1906 मध्ये गयेवरून जाणारा मार्ग खुला झाला. संघाचे कित्येक महिने दिवसांवर आले. गाडीत श्रावकाची कसोटी वेगळीच असते. दशम्या, खाकरे, कोरड्या चटण्या आणि गाळलेले पाणी घरूनच निघते; परंतु घड्याळ फसवते. पौषात प्रयागराजजवळ सूर्य मुंबईपेक्षा सुमारे पाऊण तास आधी मावळतो. मुंबईच्या पंचांगावर विसंबलेल्याचा डबा तसाच बंद राहतो. जाणत्या आजीबाई मात्र चार वाजताच डबे सोडायला लावतात.

मग धुके उतरते. सिग्नल दिसेनासे झाले की पूर्वी रुळांवर फटाके लावीत. त्यांच्या आवाजाने चालक सावध होई. आता इंजिनातले यंत्र पुढच्या सिग्नलची सूचना देते. तरीही गाडी तासन्‌तास रखडते आणि डब्यात णमोकाराचा जप सुरू होतो.

या धुक्यातच सर्वांत मोठी चूक घडते. मोगलसराई (2018 पासून पं. दीनदयाळ उपाध्याय जंक्शन) येते तेव्हा बहुतेक यात्रेकरू निजलेले असतात. तेथून काशी जेमतेम सोळा-सतरा किलोमीटर. सुपार्श्वनाथ, चंद्रप्रभ, श्रेयांसनाथ आणि पार्श्वनाथ या चार तीर्थंकरांची जन्मस्थाने काशी व तिच्या परिसरात आहेत. भदैनीच्या घाटावर गणेशप्रसादजी वर्णींनी 1905 मध्ये स्थापिलेले स्याद्वाद महाविद्यालय आहे. ज्या दर्शनासाठी बनारसीने सहा महिने दूध-तूप सोडले, ते एका दिवसाच्या मुक्कामाने घडू शकते. पण यात्रेच्या कार्यक्रमपत्रिकेत तो दिवसच नसतो. परतीचे आरक्षण आधी ठरते, दर्शन मागाहून. आयोजकांनी याचा विचार करावा.

पारसनाथ स्थानक इसरी गावी आहे. वर्णीजींनी 1961 मध्ये देह ठेवला तो याच गावी. गाडी तेथे फार वेळ थांबत नाही. वृद्धांना तासभर आधीच उठवून, शाली गुंडाळून दाराशी बसवावे लागते. पुढे मधुबनपर्यंत मोटार आणि त्यानंतर सत्तावीस किलोमीटरची पायी वंदना. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी डोली असते. दिवस लहान, म्हणून पहाटे तीनच्या सुमारास काठ्या आणि विजेऱ्या घेऊन यात्रेकरू चढू लागतात.