मोबाइलवरील खेळ आणि आपली मुले
(कडा येथील पालक मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय घराघरातला आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मोबाइल मुलांच्या हाती आला. शाळा पुन्हा भरल्या, पण मोबाइल हातातून सुटला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने 'पबजी'वर बंदी घातली, तेव्हा पुष्कळ पालकांना हायसे वाटले. पण मुले दुसऱ्या खेळांकडे वळली आणि २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने परत आला. बंदीने एखादा खेळ जातो, सवय जात नाही. ती घरातच सोडवावी लागते.

मूल हट्टी आहे म्हणूनच उठत नाही, असे समजू नका. हे खेळ माणसाने उठू नये अशाच बेताने बनविलेले असतात. रोज हजेरी लावली की बक्षीस, एक डाव संपताच दुसरा तयार, आणि मधेच उठले तर सोबतचे गडी हरणार! म्हणूनच जेवायला हाक मारली की "अम्मी, पाचच मिनिटे" असे उत्तर येते. अशा वेळी मोबाइल हिसकावून घेतल्यास नुसते भांडण होते. "हा डाव संपला की ठेव" असे आधी सांगावे, आणि डाव संपल्यावर मात्र ठेवायला लावावेच.

खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते. पण जागतिक आरोग्य संघटनेने या व्यसनाला आजार मानले असून, तिची नवी रोगसूची १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, अभ्यास, जेवण, झोप यांपेक्षा खेळ मोठा वाटणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. ती साधारणपणे वर्षभर टिकली तर डॉक्टरांना दाखवावे. '१४४१६' या सरकारी 'टेलि-मानस' क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. त्यात लाज कसली?

पैशाचीही बाजू आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. तरी साध्या खेळांतही हत्यारे आणि पोशाख विकत मिळतात. ज्या मोबाइलला वडिलांचे बँक खाते जोडलेले आहे, त्याचा पिन मुलांना सांगू नये.

आपल्या आष्टी तालुक्याची अडचण आणखी वेगळी आहे. अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मुले दादा-दादींजवळ राहतात. आई-वडिलांचा आवाज ऐकायला घरात मोबाइल हवाच, आणि म्हाताऱ्या माणसांना नातवाला नाही म्हणणे जड जाते. अशा घरांनी निघण्यापूर्वीच फोनची वेळ ठरवावी. बोलणे झाले की मोबाइल दादीच्या उशाशी जावा. शेजाऱ्यांनी आणि शिक्षकांनीही अधूनमधून चौकशी करावी.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून एक उपक्रम सुरू केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही व मोबाइल बंद आणि मुले अभ्यासाला! यातील मर्म असे की मोबाइल थोरांनीही ठेवायचा होता. वडील स्वतः मोबाइल बघत मुलाला "पुस्तक उघड" म्हणू लागले, तर ते कोण ऐकेल? आपल्या मोहल्ल्यात मगरिबनंतरचा एक तास असा ठरवता येणार नाही काय?

मुलांकडून नुसते काढून घेऊ नका, बदल्यात काही द्या. संध्याकाळी मैदान द्या, कॅरम द्या, आपल्याजवळ बसवून दोन गोष्टी विचारा.

विद्यार्थी मित्रांनो, खेळण्यास कोणाचीच मनाई नाही. पण दहावीचे वर्ष पुन्हा येत नाही, आणि तुमच्या फीसाठी कोणीतरी थंडीत पहाटे कोयता उचलतो, हे विसरू नका.