दुष्काळ निसर्गाचा, वाटणी माणसांची

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निसर्गात आणि समाजात पालट होतात तेव्हा माणसे त्यांना कशी तोंड देतात, आणि तसे करताना ती आपल्या भोवतालच्या भूमीचे रूप कसे बदलतात, याचा अभ्यास हा माझा आजचा विषय. विषय अफाट आहे. म्हणून मी तो मुख्यतः एका भूभागापुरता मर्यादित ठेवणार आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस घोड, भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला जो अवर्षणाचा देश, तो हा भूभाग होय. आपल्यापैकी पुष्कळांची मूळ गावे याच पट्ट्यात असतील, आणि ती सुटण्याचे कारणही कदाचित याच पट्ट्याच्या स्वभावात असेल.

हा स्वभाव प्रथम पाहू. महाबळेश्वरी वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेला माणदेशात उतरावे, तो हाच आकडा ५०० च्या आसपास येऊन ठेपतो. अंतर शंभर किलोमीटरांच्या आतले! नैर्ऋत्येकडून आलेले ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि पलीकडच्या पठाराच्या वाट्याला उरलासुरला ओलावा येतो. त्यातही सरासरी ही फसवी गोष्ट आहे. शेतकरी सरासरीवर पेरीत नाही; मृगाची सर केव्हा आली आणि पुढची ओढ किती दिवसांची पडली, यावर त्याचा संसार चालतो. अशा प्रदेशात वस्ती करणे हाच मुळी एक दीर्घ प्रयोग आहे.

या प्रयोगाचे फार जुने दप्तर आपल्याला घोड नदीच्या काठी सापडले. पुण्याच्या पूर्वेस सुमारे ८० किलोमीटरांवर, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन झाले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर या विद्वानांनी ताम्रपाषाणयुगातील एका शेतकरी खेड्याचा नऊशे वर्षांचा इतिहास थरांमागून थर उकलून दाखविला. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० मध्ये ही वस्ती सुरू झाली आणि सुमारे ७०० मध्ये ती मोडली. राजांची नावे, लढाया, ताम्रपट यांपैकी येथे काहीही नाही. जळके दाणे, जनावरांची हाडे, घरांच्या खुणा आणि लहान मुलांच्या कबरी, एवढ्याच साधनांवर हा इतिहास उभा आहे.

इसवी सनापूर्वी १४०० ते १००० हा त्या गावाचा भरभराटीचा काळ. मोठी चौकोनी घरे, धान्य साठविण्याची पेवे व कणग्या, नदीचे पुराचे पाणी वळविण्यासाठी काढलेला पाट आणि शेतात जव. एका पाच खोल्यांच्या घराला अभ्यासकांनी ग्रामप्रमुखाचे घर मानले आहे. धान्याचे कोठार त्याच्याच शेजारी होते. त्यानंतरच्या तीन शतकांचे थर मात्र वेगळीच हकीकत सांगतात. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. जवाचे प्रमाण घटते. शेळ्यामेंढ्यांवरचा आणि हरणांच्या शिकारीवरचा भर वाढतो. शेतकरी हळूहळू अर्धा मेंढपाळ झाला, असा याचा अर्थ लावला जातो.

तीन शतके हे गाव कसेबसे तगले. माणसाची ही लवचिकता कौतुकास्पद आहे यात शंका नाही. तथापि त्या तगून राहण्याची किंमतही त्याच मातीत नोंदलेली आहे. उत्तरकाळातील बालकांच्या अस्थींवर खुंटलेल्या वाढीच्या खुणा दिसतात. घरातील जमिनीखाली दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली ही लेकरे, गावाने परिस्थितीशी कसे जुळवून घेतले याची खरी साक्षीदार आहेत. गाव तगले ते काही अंशी त्यांच्या ताटातील घासावर.

पाऊस घटला म्हणून गाव मोडले, हे उत्तर बराच काळ पुरेसे मानले गेले. ग्वेन रॉबिन्स शुग या संशोधिकेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इनामगावच्या बालकांच्या अस्थी आणि हवामानाचे नवे पुरावे एकत्र तपासले आणि या सरळ उत्तरावर प्रश्नचिन्ह लावले. एकट्या आभाळाकडे बोट दाखवून भागत नाही. जमिनीचा वापर, लोकसंख्या, अन्नाच्या सवयी यांचा गुंता सोडवावा लागतो. माझ्या मते अभ्यासाची खरी सुरुवात येथूनच होते. अवर्षण निसर्ग देतो, परंतु त्या अवर्षणाची वाटणी माणसे करतात. कोणाचे कोठार भरलेले राहिले आणि कोणाचे मूल खुरटले, हे विचारल्यावाचून ‘लोकांनी जुळवून घेतले’ हे वाक्य अपुरे राहते.

इनामगाव ओसाड पडले, पण पठारावरचे जीवन थांबले नाही. पुढील शतकांत या भूमीने स्वतःची एक रीत घडविली. जव मागे पडून ज्वारी-बाजरी ही येथली अन्ने झाली. सुगीचे धान्य वाईट वर्षासाठी पेवात जाऊ लागले. धनगरांनी तर चालणे हेच उत्तर मानले. पावसाळा सरला की मेंढ्यांचे वाडे चाऱ्याच्या दिशेने निघत. वाटेवरच्या शेतात मेंढ्या बसवाव्यात, लेंडीखताने रान तयार व्हावे आणि शेतकऱ्याने त्याबदली धान्य द्यावे, असा हा करार. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी धनगरांच्या जीवनाचा परिसरशास्त्राच्या अंगाने अभ्यास केला. भटकंती ही अस्थिरता नसून भूमीच्या अस्थिरतेला दिलेले एक शिस्तबद्ध उत्तर आहे, ही गोष्ट अशा अभ्यासांतून स्पष्ट होते.

एकोणिसाव्या शतकात ही घडी विस्कटली. रोख सारा, सावकारी कर्ज आणि दूरच्या बाजाराशी बांधलेले भाव यांनी शेतकऱ्याचे पेव रिकामे केले. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जखते जाळण्याचे दंगे सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला. १८७६ ते १८७८ चा तो भीषण दुष्काळ. त्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने केलेले काम आपण विसरता कामा नये. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी यांनी तालुक्यातालुक्यांतून माहिती गोळा करविली आणि ती सरकारपुढे व लोकांपुढे मांडली. सरकारी आकड्याला गावाच्या तोंडची हकीकत ताडून पाहणे, ही आपल्याकडील सामाजिक संशोधनाची एक पहिली पायरी होय. त्याच धाटणीचे काम पुढे इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणाने उठविलेल्या लोकांविषयी केले. १९६९ साली ते प्रसिद्ध झाले. धरण किती उंच हे सर्वांना ठाऊक होते. उठलेली कुटुंबे कोठे गेली, त्यांच्या जमिनीचे, त्यांच्या सोयरिकींचे काय झाले, हे घरोघर जाऊन विचारावे लागले.

यानंतर येतो तो १९७२ चा दुष्काळ. आपल्या सभागृहातील वडीलधाऱ्यांना तो सांगण्याची गरज नाही. मिलो, सुकडी, खडी फोडण्याची कामे, पाझर तलावांवरची माणसांची रीघ हे त्यांनी पाहिलेले किंवा घरच्या पत्रांतून वाचलेले आहे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. या दुष्काळाने आपल्याला एक मोठी सामाजिक कल्पना दृढ करून दिली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या विचाराला १९७७ साली कायद्याचे रूप आले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. मागेल त्याला काम ही दया न राहता हक्क झाली. यासाठी लागणाऱ्या पैशाचा एक वाटा शहरांतील पगारदारांवर बसविलेल्या व्यवसाय करातून उभा राहिला. मुंबईचा कारकून आणि माणदेशातला मजूर यांना एका हिशेबात बसविणारी ही वाटणी होती. पुढे २००५ साली केंद्राने केलेल्या रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

याच दुष्काळातून पुरंदर तालुक्यातील नायगावचा प्रयोग जन्मला. विलासराव साळुंखे हे पुण्यातील अभियंते व उद्योजक. त्यांनी देवस्थानची ४० एकर पडीक जमीन घेऊन उताराचे पाणी अडविले, आणि त्या अनुभवातून पाणी पंचायत उभी राहिली. बांध आणि तळी पुष्कळांनी घातली; साळुंखे यांचे वैशिष्ट्य त्यांनी घातलेल्या नियमांत आहे. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास फार तर अडीच एकर भिजेल एवढेच. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस लावावयाचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाही. येथे आभाळ बदलले नव्हते, नदी बदलली नव्हती. वाटणी बदलली, आणि तिच्या पाठोपाठ टेकडीचा रंग बदलला. इनामगावच्या कोठाराजवळ जो प्रश्न सुटला की नाही हे आपल्याला कळत नाही, त्याला नायगावने स्वच्छ शब्दांत एक उत्तर लिहून दिले.

हे उत्तर सर्वत्र मान्य झाले असते तर मला येथे थांबता आले असते. वस्तुतः याच अवर्षणाच्या देशात, पाट आणि उपसा यांच्या बळावर, उसाचे हिरवे पट्टे वाढत गेले. आणि हाच प्रकार शेजारच्या मराठवाड्यातही झाला. ज्याच्याजवळ पैसा त्याची कूपनलिका अधिक खोल, आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या टाक्यांतून पिण्याचे पाणी न्यावे लागले. बीडसारख्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसांना मिळून एका हत्याराचे नाव! धनगराच्या आणि या जोडप्याच्या चालण्यात मोठा फरक आहे. धनगराच्या वाटेवर त्याची वाट पाहणारे शेत होते. येथे मागे कोरडे रान आहे, पुढे फेडावयाची उचल आहे, आणि बरोबर शाळा सुटलेले मूल आहे. हेही जुळवून घेणेच. अभ्यासकाने येथे पुन्हा तोच प्रश्न विचारावयाचा: किंमत कोणी दिली?

निराश होण्याचे मात्र कारण नाही. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली चराईवर आणि कुऱ्हाडीवर बंधने घातली, शेतीसाठी कूपनलिका घेण्यास मनाई केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून त्यावरून पिके ठरविण्याची प्रथा घातली. गाव सोडून गेलेली कित्येक कुटुंबे तेथे परतली. पर्जन्यमान तेच आहे.

आता आपल्याविषयी थोडे. आपण सारे, किंवा आपले आईवडील, आजोबा, कधीतरी गाव सोडून निघालेली माणसे आहोत. कोणी नोकरीसाठी, कोणी शिक्षणासाठी, कोणी जमिनीने पोट भरेना म्हणून. परप्रांतात आपण नवी भाषा शिकलो, स्वयंपाकात नवे पदार्थ आले, गणपतीच्या आरतीत शेजारचे अमराठी सूर मिसळले. जुळवून घेण्याच्या शास्त्राचे आपण स्वतःच एक उदाहरण आहोत. इनामगावच्या उत्तरकाळातील प्रौढांच्या पुरलेल्या देहांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळले. मृताने घर सोडून जाऊ नये म्हणून तसे करीत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मेलेल्यांना घरी राखण्याची एवढी ओढ असलेल्या त्या लोकांच्या जिवंत वंशजांना अखेर गाव सोडावे लागले. ओढ कितीही खरी असली तरी ती एकटी गाव राखू शकत नाही.

म्हणून आपल्यापुढे दोन विनंत्या ठेवतो. पहिली, प्रत्येक कुटुंबाने आपल्या स्थलांतराची दोन पाने हकीकत लिहून मंडळाच्या दप्तरी ठेवावी. कोणत्या साली निघालो, का निघालो, मागे जमीन व विहीर कोणाकडे राहिली, घरातले कोण मागे थांबले आणि त्यांना काय सोसावे लागले. वडील माणसे आहेत तोवरच हे विचारता येईल. हाडांवरून आणि जळक्या दाण्यांवरून ते शोधण्याची पाळी पुढच्यांवर का आणावी?

दुसरी विनंती ज्यांची गावाकडे अजून जमीन आहे त्यांना. ती जमीन आपण वाट्याने देतो, तिच्यात बोअर घेण्यास पत्राने किंवा फोनवरून संमती देतो, आणि वर्षाकाठी हिशेब पाहतो. पुढच्या वेळी संमती देण्यापूर्वी एवढेच विचारावे, की या पाण्याने शेजारची कोणती विहीर आटेल? गावाने पाण्याचा काही नियम केला असेल, तर दूर असूनही तो आपल्यावर बंधनकारक मानावा. गावाशी असलेला आपला संबंध जत्रेच्या वर्गणीवर जेवढा तपासला जातो, त्याहून अधिक तो या प्रश्नावर तपासला जाईल.