मेंदूचा मार आणि रक्ताची साक्ष

डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण आत नेला की बाहेर थांबलेले नातेवाईक एकच विचारतात, "डॉक्टर, वाचेल ना?" आजवर डॉक्टर याचा अंदाज बांधत आले ते रुग्णाचं वय, डोळ्यांच्या बाहुल्या, सीटी स्कॅन आणि १९७४पासून रूढ असलेली, रुग्णाची शुद्ध मोजणारी ग्लासगो कोमा स्केल यांवरून. आता रक्ततपासणीचीही मदत होऊ लागली आहे.

मेंदूच्या पेशींना इजा झाली की त्यांतली काही प्रथिनं रक्तात उतरतात. त्यांपैकी जीएफएपी येतं चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींमधून, तर यूसीएच-एल१ थेट चेतापेशींमधून. अमेरिकेतल्या 'ट्रॅक-टीबीआय' संशोधनात सुमारे १,७०० जखमींचं रक्त घेतलं गेलं, तेही मार लागला त्याच दिवशी. त्याचे निष्कर्ष २०२२ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात आले. ही प्रथिनं जितकी जास्त, तितका पुढच्या सहा महिन्यांत मृत्यूचा किंवा गंभीर अपंगत्वाचा धोका अधिक, असं दिसलं. मात्र पूर्ण बरं कोण होणार आणि कोणाचा थोडा त्रास मागे उरणार, हे या चाचणीला तितकंसं सांगता आलं नाही. मला ही मर्यादा फार महत्त्वाची वाटते. हा अंदाज गटाचा असतो, एकेका माणसाचा निकाल नव्हे. केवळ आकडा वाढलेला दिसला म्हणून कुणाचेही उपचार थांबवू नयेत.

आणि एक विनंती. डोक्याला मार लागल्यावर बेशुद्धी, पुन्हा पुन्हा उलट्या किंवा वाढती गुंगी दिसली, तर घरी वाट पाहू नका. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्णाला ताबडतोब न्या.