वाऱ्याचा रोजमेळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत अभनपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा इतिहास यांवर बोलावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. आमच्या वाट्याला मात्र मोटारीच्या इंजिनात शिरणाऱ्या हवेचा विषय आला आहे. आयुष्याची तीस वर्षे ज्या कामात गेली, त्याखेरीज दुसऱ्या कशावर अधिकाराने बोलणे आम्हांस जमणार नाही, हे चिटणीसांनी ओळखले असावे. विषय रुक्ष वाटेल. परंतु त्याचा पहिला धडा आम्हांला याच गावात मिळाला, म्हणून थोडा धीर धरावा, ही विनंती.

ज्यांचे केस पिकले आहेत, त्यांना अभनपूरचे जुने स्टेशन आठवत असेल. अडीच फुटी रुळांवरची ‘छोटी लाईन’ रायपूरहून येई आणि येथे तिला दोन फाटे फुटत. एक धमतरीकडे, दुसरा राजिमकडे. ती गाडी आता इतिहासजमा झाली. मार्च २०२५ मध्ये रायपूर ते अभनपूर अशी मोठ्या रुळांवरची गाडी सुरू झाली. इंजिनाचा इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे असेच एक जंक्शन. गाळणीतून आलेली हवा एका तोंडाने आत शिरते आणि चार फाट्यांनी चार सिलिंडरांकडे जाते. फरक इतकाच, की कोणती गाडी कोणत्या रुळावर घालायची हे ठरवायला येथे स्टेशनमास्तर असे. मॅनिफोल्डमध्ये तसा कोणी नसतो. ज्या सिलिंडरचा दट्ट्या खाली उतरू लागतो, तो आपल्याकडे हवा ओढून घेतो.

आणि हे सारे विलक्षण घाईने चालते. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनातील प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा श्वास घेतो. दट्ट्याच्या एका उतरणीला सेकंदाचा केवळ शंभरावा भाग मिळतो. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. त्यातच आपल्याकडील वैशाख! ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ-साडेनऊ टक्क्यांनी विरळ असते. म्हणजे मुळातच शिधा तोकडा. त्याची वाटणीही विषम झाली, तर एखादा सिलिंडर उपाशी राहतो, पेट्रोल अर्धवट जळते आणि इंजिन थरथरू लागते. कालव्याच्या शेपटाकडे ज्यांची शेते आहेत, त्यांना ही व्यथा वेगळी सांगावयास नको.

आम्ही शाळेत असताना वडिलांच्या एका स्नेह्यांची पेट्रोलवरची जीप अशीच थरथरू लागली. स्टेशनाजवळच्या मिस्त्रींकडे ती नेली. सोबतची मोठी माणसे आपापले निदान सांगू लागली, तेव्हा मिस्त्री इतकेच म्हणाले, “पहले चारों प्लग निकालो, फिर बोलो.” चारही प्लग काढून त्यांनी वर्तमानपत्रावर अनुक्रमाने मांडले. तिघांचा रंग बिस्किटासारखा होता, चौथा पांढराफटक. मॅनिफोल्डच्या सांध्यावर त्यांनी तेलाचे थेंब सोडले, तोच इंजिनाचा आवाज बदलला. तेथील पॅकिंग फाटले होते आणि फटीतून आगंतुक हवा आत शिरत होती. पाव तासात निकाल लागला. ते चार प्लग मात्र आमच्या डोळ्यांसमोरून कधी गेले नाहीत.

पुढे शिक्षणासाठी पुण्यास गेलो. तेथे कळले, की वाहत्या हवेचे नियम फार पूर्वीच मांडले गेले आहेत. फ्रान्सच्या नाविए यांनी १८२२ मध्ये आणि इंग्लंडमध्ये स्टोक्स यांनी १८४५ मध्ये ती समीकरणे सिद्ध केली. अडचण अशी, की मॅनिफोल्डसारख्या वाकड्यातिकड्या जागेत ती कागदावर सुटत नाहीत. म्हणून ती जागा लाखो लहान कप्प्यांत विभागावयाची आणि प्रत्येक कप्प्याचा हिशेब संगणकाकडून करवून घ्यावयाचा. तेथेही एक गाठ पडते. हवेचा वेग काढण्यास दाब ठाऊक हवा; आणि दाबाला तर स्वतःचे असे समीकरणच नाही.

ही गाठ सोडवण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे, हे आपल्या घरांतून फारसे ठाऊक नसते. सुहास पाटणकर यांचा जन्म १९४१ साली पुण्यात झाला. १९६२ मध्ये ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले. मुंबईच्या आय. आय. टी.तून पदव्युत्तर पदवी घेऊन ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले आणि १९६७ मध्ये प्राध्यापक ब्रायन स्पॉल्डिंग यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळवली. या गुरुशिष्यांनी १९७२ साली जी रीत प्रसिद्ध केली, तिला आद्याक्षरांवरून ‘सिंपल’ म्हणतात. पुढे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अध्यापन करीत असता पाटणकरांनी १९८० मध्ये या विषयावर जो ग्रंथ काढला, तो जगभरच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासला. आम्हीही त्यांतलेच एक.

ती रीत घरच्या रोजमेळासारखी आहे. प्रथम दाबाचा एक अंदाज धरावयाचा. त्यावरून वेग काढावयाचा. मग प्रत्येक कप्प्यात आत किती हवा आली आणि बाहेर किती गेली, याची बेरीज मांडावयाची. हिशेब जुळला नाही, तर जेथे जितकी तूट असेल, त्या प्रमाणात दाब सुधारावयाचा आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा. असे शेकडो वेळा केल्यावर सर्व कप्प्यांचे जमाखर्च जुळतात. पहिला अंदाज चुकीचा असल्याची येथे कोणास लाज वाटत नाही. चूक मोजून ती पुढच्या फेरीत दुरुस्त करणे, हाच या रीतीचा प्राण आहे.

इतके शिकूनही आम्ही फसलो, तो प्रसंग आज सांगावयाचा आहे. एका कारखान्यात नव्या इंजिनाच्या मॅनिफोल्डचे काम आमच्याकडे होते. संगणकावर निळ्या-तांबड्या रंगांत हवेचे प्रवाह उमटले, चारही फाट्यांत हवा जवळजवळ सारखी निघाली. ती चित्रे पाहून सभेत वाहवा झाली, आम्हीही सुखावलो. ॲल्युमिनियमच्या ओतकामाचा साचा करण्यास द्यावयाचे ठरले. तत्पूर्वी नळ्या जोडून केलेला एक नमुना टेस्ट बेडवर चढवला, तो इंजिन ठरावीक वेगाला थरथरू लागले.

दोष ठिणगीचा असेल, असे प्रथम आम्हीच सांगितले. आमच्या गणिताकडे बोट वळू नये, ही इच्छा त्यामागे होती, हे आज कबूल केले पाहिजे. त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे अभनपूरचे ते वर्तमानपत्र आठवले. सकाळी जाऊन चारही प्लग काढले आणि ओळीने मांडले. चौथा काळाकुट्ट होता. दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरांच्या प्लगांची अदलाबदल करून पाहिली. पुन्हा चौथ्याचाच काळवंडला. त्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल सारखेच मिळत होते. अर्थात चौथ्याला हवा कमी पडत होती.

चूक संगणकाची नव्हती. प्रश्नच आम्ही अपुरा विचारला होता. आमच्या गणितात एका वेळी एकच झडप उघडी होती आणि वाहणे संथ, अखंड होते. प्रत्यक्षात इंजिनाचा क्रम १-३-४-२ असा असतो; तिसऱ्याची झडप पुरती मिटण्याआधीच शेजारच्या चौथ्याची उघडते, आणि एक दुसऱ्याच्या घासात वाटेकरी होतो. त्यात चौथा फाटा तोंडापासून सर्वांत दूर. शिवाय झडप मिटली, की दाबाची लाट मागे फिरते. ३५ सेंटिमीटरच्या नळीतून ती सेकंदाच्या सुमारे ५००व्या भागात जाऊन परतते. ती कोणत्या क्षणी परत येते, यावर पुढचा श्वास भरघोस होणार की तोकडा, हे ठरते. आमच्या सुंदर चित्रांत ही लाट नव्हतीच.

आम्ही वरिष्ठांना भेटून आमचा अहवाल मागे घेतला. पाय जड झाले होते, हे सांगावयास नको. साचा थांबला. नव्याने गणित मांडले. या वेळी झडपा खरोखरीच्या क्रमाने उघडत-मिटत होत्या आणि दट्ट्याच्या हालचालीचा प्रत्येक टप्पा वेगळा मोजला होता. संगणक आठवडाभर चालला. तेव्हा त्यातही चौथा सिलिंडर उपाशी दिसला. फाट्यांआधीची हवेची कोठी मोठी केली, नळ्यांची लांबी बदलली, आणि पुन्हा नमुना चढवला. या खेपेस वर्तमानपत्रावर चार बिस्किटी प्लग होते.

आज विजेच्या मोटारी आल्या आहेत. त्यांत मॅनिफोल्ड नाही. परंतु त्यांच्या बॅटऱ्या थंड ठेवण्यासाठी हेच गणित लागते. पूर्वी मोठ्या संस्थांतच होणारे हे काम आता साध्या संगणकावरही शिकता येते. ‘ओपनफोम’ नावाची आज्ञावली तर विनामूल्य मिळते आणि तिच्या एका भागाचे नाव पाटणकरांच्या रीतीवरूनच ‘सिंपलफोम’ असे आहे. पुण्यामुंबईपासून इतक्या दूर राहून आमच्या मुलांना काय मिळणार, ही चिंता गेली पन्नास वर्षे या सभागृहात आम्ही ऐकत आलो. निदान या विद्येपुरती तरी ती आता बाळगू नये.

मात्र त्या मुलांना एक सांगावयाचे आहे. पडद्यावर चित्र सुंदर उमटले, की ते खरे असावे असे मनापासून वाटू लागते. त्या क्षणी उठावे आणि प्लग काढून पाहावेत. काळा निघाला, तर तो झाकू नये.

ते मिस्त्री आज हयात नाहीत. त्यांना आमचा तो प्रसंग कधी सांगता आला नाही, म्हणून या गावात तो आपणांस सांगितला.