मुक्या जिवासाठी वर्गणी



मध्य रेल्वेवर डोंबिवली आणि कल्याण यांच्यामध्ये ठाकुर्ली नावाचे स्थानक आहे. रेल्वेच्या चोळे येथील वीजघरामुळे जुन्या माणसांना हे नाव ठाऊक असते. ते वीजघर आता बंद आहे. वस्ती मात्र वाढली आणि रस्त्यावरची वाहनेही वाढली. समजा, तिथे रात्री एखाद्या कुत्र्याला गाडीची धडक बसली. त्याला मालक नाही. आळीतल्या चार घरांच्या भाकरीवर ते वाढलेले. मांडीचे हाड मोडले आहे. लोक जमतात, हळहळतात, आणि मग प्रश्न येतो : पैसे कोण देणार?

परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आहे, ते १८८३ सालापासूनचे. पण ठाकुर्लीहून ते चाळीस किलोमीटरांवर. जवळच्या डॉक्टरांकडे न्यायचे म्हटले तरी टेम्पोचे भाडे, क्ष-किरण तपासणी, सलाईन, शस्त्रक्रिया, आणि पुढे कित्येक आठवडे मलमपट्टी, हा खर्च आलाच. एकट्याला तो झेपत नाही.

आपल्याकडे याचे उत्तर जुने आहे. १८३२ साली मुंबईत सरकारी हुकमाने मोकाट कुत्री मारू लागले, तेव्हा पारशी मंडळी संतापली आणि शहरात दंगल झाली. पण राग दोन दिवसांत ओसरतो. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी पांजरपोळ काढला, आणि त्यासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वखुशीने लाग बसवली. दया टिकली ती या नेमाने येणाऱ्या पैशामुळे.

आपणही तेच करावे. अपघात झाल्यावर दारोदार फिरण्यापेक्षा आधीच डबा ठेवावा. चाळीस घरांनी महिन्याला दहा-दहा रुपये दिले, तर वर्षाचे ४,८०० रुपये होतात. मोठी शस्त्रक्रिया त्यात भागेल न भागेल. पण पहिल्या रात्री कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. जास्त लागले, तर डॉक्टरांकडून खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा आणि तो कागद दाखवूनच वर्गणी मागावी. पैसे एकाच्या हाती असू नयेत. दोघांच्या सहीने काढावेत. बिल व जमाखर्च फळ्यावर लावावा. उरले तर काय करणार, हेही आधीच सांगावे.

आणि कुत्रे वाचले नाही तर? तरीही बिल चुकवावे आणि हिशेब लावावा. “पैसे फुकट गेले,” असे कोणी म्हणेल. पण खर्च कुठे झाला हे ज्याने पाहिले, तो पुढच्या खेपेस पुन्हा देतो. वाचण्याची आशा किती, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. आशाच नसेल, तर वेदना लांबवू नयेत, हीही दयाच.

दुसरे कोणी विचारतील, “माणसांना औषध मिळत नाही, आणि कुत्र्याला कशाला?” प्रश्न रागावण्यासारखा नाही. वर्गणी खुशीची असावी. ज्याच्या घरी अडचण आहे त्याच्याकडे मागूच नये. मात्र प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ साली आपल्या संविधानात नमूद झाले आहे, हे ध्यानात ठेवावे.

एक सावधगिरी मात्र हवी बरं का. दुखावलेले कुत्रे ओळखीच्या माणसालाही चावते. मुलांना दूर ठेवा. गोणपाटावर किंवा फळीवर सावकाश घेऊन ते उचला. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या त्याला देऊ नका; त्या विषासारख्या ठरू शकतात. चावले, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठून लस घ्या. पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की त्यावर उपाय जवळजवळ नाहीच.

शिक्षकांना एक विनंती. असा जमाखर्च वरच्या वर्गातील मुलांकडून लिहून घ्या. बेरीज-वजाबाकी तर पक्की होईलच, शिवाय दुसऱ्याचा पैसा कसा सांभाळावा हेही ती शिकतील. आणि गावकऱ्यांनी गुरांच्या दवाखान्याचा पत्ता, डॉक्टरांची वेळ आणि टेम्पोवाल्याचे नाव आजच शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावे. रात्री शोधाशोध करण्यात जीव जातो.