दोष हाताचा की चौकटीचा?

(महासंघाच्या कळंब येथील मासिक सभेत, एलईडी पट्ट्या जुळवणाऱ्या गटातील एका सदस्य ताईंनी केलेले भाषण)



आज मी नफा सांगायला नाही, आमच्या गटाची एक चूक सांगायला उभी आहे.

आमच्या पट्टीवर मसुराच्या दाण्याहून लहान दिवे बसतात. पूर्वी गळक्या चिमणीला डाख देत, तसंच हे काम. फक्त इथं डाख पेस्टच्या रूपात असतो. त्यात पिठाहून बारीक धातूचे कण आणि चिकट फ्लक्स असतं. पोलादाच्या कागदासारख्या पातळ पत्र्याला भोकं पाडलेली असतात, त्याला स्टेन्सिल म्हणतात. रांगोळीचा छापा ठेवतो तशी ती पट्टीवर ठेवायची, वरून पेस्ट ओढायची, मग दिवे ठेवून पट्टी भट्टीत घालायची.

श्रावणात आमचा माल परत यायला लागला. पट्टीतले सगळे दिवे लागायचे, कोपऱ्यातला एक काळाच. तिथं पेस्ट पसरून दोन्ही टोकं जुळत होती. पेस्ट ओढायला आमच्यातली सगळ्यात लहान सून बसायची. आम्ही म्हणालो, “हिचा हात जड आहे.” तिला उठवून खोकी भरायला बसवलं. ती काही बोलली नाही. दोन दिवस डबासुद्धा एकटीच खात होती.

तिच्या जागी दुसरी बसली. दोष तोच, कोपराही तोच! तेव्हा ती दुसरी म्हणाली, “बाई बदलली तरी दोष हलेना. मग दोष बाईत कसा?” स्टेन्सिल बोटानं दाबून पाहिली, तर त्या कोपऱ्यात ढिली. चौकटीला ताणून धरणारी जाळी तिथं सुटली होती. चाळणीची जाळी सैल व्हावी तसं. पत्रा पट्टीला नीट टेकत नव्हता, पेस्ट खालून पसरत होती. चौकट पुन्हा ताणून घेतली आणि दोष गेला.

गटाच्या बैठकीत आम्ही त्या सुनेची माफी मागितली. दोन दिवसांच्या मजुरीचा फरक दिला आणि इतिवृत्तात लिहून ठेवलं. दोषाच्या रजिस्टरमधला ‘कोणी केलं’ हा रकाना काढला. आता तिथं ‘पट्टीवर कुठं’ असं लिहितो.

जे शिकलो ते तुम्हाला सांगते. रोज सकाळी स्टेन्सिलचे चारही कोपरे दाबून बघा. थोड्या थोड्या पट्ट्यांनंतर तिची खालची बाजू पुसा. पेस्ट ओढायची पट्टी साधारण 60 अंशात तिरकी धरा, दाब सारखा ठेवा, आणि स्टेन्सिल सरळ वर उचला.

पेस्ट फ्रीजमधून काढली की डबा लगेच उघडू नका, चारेक तास तसाच बाहेर राहू द्या. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसं गार पेस्टमध्ये पाणी उतरतं. मग भट्टीत ती तडतडते आणि डाखाच्या बारीक गोळ्या उडतात.

बारीक भाग एका टोकावर उभा राहिला, तर दोन्ही बाजूंची पेस्ट सारखी पडली का ते आधी बघा. टिचकी मारल्यावर पट्टी लुकलुकली, तर सांधा कच्चा आहे. तो झाकून माल पाठवू नका.

आणखी एक. डाखात शिसं असेल तर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना या कामावर बसवू नका. फ्लक्सचा धूर नाकात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवा.

हे काम बायकांना जमेल का, असं अजून विचारतात. राजस्थानात डुंगरपूरच्या बायकांनी आयआयटी मुंबईच्या मदतीनं आधी सौरदिवे जुळवले आणि पुढं सौर पॅनेलचा कारखाना उभा केला. त्यांचेही पहिले सांधे कच्चे निघालेच असतील.

ती सून आज पुन्हा पेस्टवर बसते. नवीन मुलींना तीच शिकवते. पहिल्या दिवशी पेस्ट हातात देत नाही, आधी चौकट दाबून बघायला लावते.

तुमच्या गटात पापड तुटो, हिशेब चुको, नाहीतर शिलाई उसवो. बाईचं नाव घेण्याआधी एकदा चौकट तपासा.